घेतलेलं बळ परत करायचं असतं

आमच्या उज्जैनला पटनी बाजारात नागचंद्रेश्वराचं देऊळ आहे. महाकालाच्या वरच्या मजल्यावरचा, फक्त नागपंचमीला दर्शन देणारा नागचंद्रेश्वर वेगळा. हा बाजारातला, रोजचा. पंचक्रोशी यात्रा इथून सुरू होते. इथल्या पंचांगाची वैशाख कृष्ण दशमी, म्हणजे आपल्या मराठी पंचांगाची चैत्र वद्य दशमी, हा यात्रेचा दिवस. यात्रेकरू देवापुढे नारळ ठेवतात आणि त्याच्याकडून बळ मागून घेतात. मग डोक्यावर शिध्याचं गाठोडं घेऊन भर उन्हात ११८ किलोमीटर चालतात. पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर, दुर्दुरेश्वर अशा चार दिशांच्या चार महादेवांचं दर्शन घेऊन अमावास्येला परत येतात, ते पुन्हा नागचंद्रेश्वराकडे. तिथे मातीचा घोडा वाहायचा आणि घेतलेलं बळ देवाला परत करायचं, अशी रीत आहे.

लहानपणापासून ही रीत बघत आले, पण तिचा अर्थ मला कळला तो २०२२ साली, एका डॉक्टरांच्या खोलीत.

माझ्या बाबांनी २०१० साली निवृत्त झाल्यावर लागोपाठ नऊ वर्षं पंचक्रोशी केली. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे यात्रा झालीच नाही. मध्य प्रदेशातला कोरोनाचा पहिला मृत्यू उज्जैनच्याच एका बाईंचा होता, २५ मार्च २०२० ला, इंदूरच्या रुग्णालयात. तेव्हापासून आमच्या घरात फार धास्ती होती. पहिली लाट टळली. दुसरीत, एप्रिल २०२१ मध्ये, बाबांना गाठलंच. नऊ दिवस रुग्णालयात, त्यातले सहा ऑक्सिजनवर. ते घरी आले त्या दिवशी आईने सगळ्या देवांना साखर ठेवली आणि आमच्या दृष्टीने आजारपण संपलं. घरी सोडतानाच्या कागदावर महिन्याभराने तपासणीला या, असं लिहिलं होतं. आम्ही गेलो नाही. कोणी अडवलं नव्हतं. चूक आमचीच.

मधल्या वळणावरच्या गप्पा

आमचं घर फ्रीगंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या हिवाळ्यात बाबा जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून खालच्या मजल्यावरच्या काकांशी गप्पा मारायला लागले. आम्हाला वाटलं, दोन वर्षं घरात कोंडून घेतलेल्या माणसाला बोलायला कोणीतरी हवंय. आईच्या लक्षात आलं होतं की हल्ली त्यांना झोपताना दोन उशा लागतात आणि संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतो. पण ‘वयाप्रमाणे होतं’ या एका वाक्यात आपण मराठी माणसं किती गोष्टी बसवतो! आम्हीही बसवल्या.

एप्रिल २०२२ मध्ये पंचक्रोशी पुन्हा निघणार असं पेपरात आलं. बाबांनी माळ्यावरून कापडी बूट काढून उन्हात ठेवले. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवून येऊ. ते म्हणाले, “अगं, नऊ वेळा गेलोय. महाकाल बसलाय ना!” दोन दिवस वाद झाला. शेवटी आईने, तिच्या पद्धतीने, बूट कपाटात टाकून कुलूप लावलं. मग ते आले.

डॉक्टरांनी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहिली. कोणी एवढा वेळ नाडी बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ईसीजी, मग टुडी एको. बाबांच्या हृदयाचे वरचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात ठोके वेडेवाकडे पडतात, रक्त कप्प्यात साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हृदयाची पंप करण्याची ताकदही थोडी कमी झाली होती. मधल्या वळणावरच्या गप्पा म्हणजे दम खाण्याची जागा होती. ती त्यांनी आमच्यापासून लपवली होती आणि बहुतेक स्वतःपासूनही.

“हे कोविडनेच झालं का?” मी विचारलं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की एका माणसाबद्दल असं छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. वय सत्तरीच्या पुढचं, दहा वर्षांचा रक्तदाब, हेही कारण असू शकतं. पण इतक्या मोठ्या संसर्गानंतर हृदयाकडे वर्षभर कोणी बघितलंच नाही, हे मात्र व्हायला नको होतं. आजारातून उठताना शरीराने उसनं बळ घेतलेलं असतं, ते फेडायला वेळ द्यावा लागतो, असंही ते म्हणाले. मला पटनी बाजारातले मातीचे घोडे आठवले.

त्या वर्षी बाबा यात्रेला गेले नाहीत. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

ताप छातीत, फटका हृदयाला

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. पहिली समजलेली गोष्ट ही की हे कोविडपुरतं नाही आणि नवीनही नाही. १९१८ च्या ज्या साथीला आपल्या पणज्या ‘मानमोडी’ म्हणायच्या, ती इन्फ्लूएंझाचीच होती. सेल्विन कॉलिन्स या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिलं की फ्लूच्या साथी येतात तेव्हा फक्त फ्लू-न्यूमोनियाचेच नाही, तर हृदयविकाराच्या नावावर नोंदलेले मृत्यूही वाढतात.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या रुग्णांमध्ये, तपासणीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या दिवसांपेक्षा सुमारे सहा पट होतं. आपण ज्याला ‘साधा फ्लू’ म्हणतो, त्याची ही गोष्ट आहे.

असं का होतं? ताप एका अंशाने वाढला की ठोके मिनिटाला साधारण आठ-दहाने वाढतात. म्हणजे आपण अंथरुणात पडलेलो असलो तरी हृदय चढ चढतच असतं. त्यात फुफ्फुसं आजारी, म्हणून प्राणवायू कमी. काम जास्त आणि रसद कमी, अशी अवस्था. दुसरीकडे, विषाणूशी लढताना सगळ्या शरीरात दाह होतो. रक्तवाहिन्यांच्या आतलं गुळगुळीत अस्तर खरखरीत होतं, रक्त लवकर गोठायला लागतं. धमनीत आधीपासून चरबीचा थर असेल तर तो याच काळात फुटू शकतो, त्यावर गुठळी होते आणि झटका येतो. काही वेळा दाह थेट हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो. त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण तरुणांनाही होऊ शकतो.

ताप उतरला म्हणजे हा सगळा पसारा त्याच दिवशी आवरला गेला, असं होत नाही.

आकडे, पण घाबरायला नाहीत

कोविडनंतरच्या हृदयाबद्दल सगळ्यात जास्त चर्चा झाली ती अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासाची. तो फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. कोविड झालेल्या १,५३,७६० जणांची तुलना कोविड न झालेल्या पन्नास लाखांहून अधिक लोकांशी केली होती. पहिले तीस दिवस सोडून पुढचं वर्षभर पाहिलं. दर हजार माणसांमागे हृदय आणि रक्तवाहिन्यांचा काही ना काही आजार झालेले सुमारे ४५ जण जास्त निघाले. हृदय अशक्त होण्याचे सुमारे १२ आणि बाबांना झाला त्या एट्रियल फिब्रिलेशनचे सुमारे ११ जास्त. रुग्णालयात जावं न लागलेल्यांमध्येही धोका थोडा वाढलेला होता. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त.

ब्रिटनमधल्या नोंदींवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. २०२० साली, म्हणजे लस येण्याआधी, कोविड झालेल्यांमध्ये झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका जवळपास तीन वर्षं वाढलेला राहिला, असं त्यात दिसलं.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. अमेरिकेच्या अभ्यासातले बहुतेक जण वयस्क गोरे पुरुष होते, ते आकडे जसेच्या तसे आपल्या पंचविशीतल्या मुलीला लावता येत नाहीत. आणि हजारात ४५ जास्त म्हणजे उरलेल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत असं काही घडलं नाही. भीती घालायला हे आकडे नाहीत, लक्ष कुठे ठेवायचं ते सांगायला आहेत.

आपण भारतीयांनी मात्र एक आकडा जास्त जवळचा मानावा. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, पहिला झटका येण्याचं मधलं वय दक्षिण आशियातल्या लोकांमध्ये ५३ निघालं, इतर देशांत सुमारे ५९. आपण आधीच सहा वर्षं उधारीवर जगतोय.

गरबा, जिम आणि व्हॉट्सअॅप

आता तरुण मंडळींसाठी. मागच्या काही वर्षांत गरबा खेळताना, जिममध्ये, लग्नाच्या वरातीत नाचताना कोसळलेल्या तरुणांचे व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर फिरले. खाली ठरलेलं वाक्य असायचं, ‘हे लशीमुळे होतंय’. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही महिनाभर हेच चाललं होतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, हाच प्रश्न घेऊन देशभरातल्या ४७ रुग्णालयांत अभ्यास केला. १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी असून अचानक मृत्यू आलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि त्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागातल्या २,९१६ जणांशी केली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये शक्यता निम्म्याच्या आसपास होती. धोका वाढलेला दिसला तो वेगळ्याच गोष्टींनी. पूर्वी कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांमध्ये तो जवळपास चौपट होता. घरात कोणाचा अचानक मृत्यू झालेला असेल तर अडीच पटींहून जास्त. मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत खूप दारू प्यायलेल्यांमध्ये पाच पट आणि त्याच ४८ तासांत अतिशय जोराचा व्यायाम किंवा श्रम केलेल्यांमध्ये सुमारे तिप्पट. त्या ऑक्टोबरमध्ये, नवरात्र नुकतं संपलेलं असताना, तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी याच अभ्यासाचा हवाला देऊन सांगितलं होतं की ज्यांना गंभीर कोविड झाला होता त्यांनी वर्ष-दोन वर्षं अतिश्रम टाळावेत.

माझा चुलत भाऊ अठ्ठावीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला तीन दिवस सडकून ताप होता. चौथ्या दिवशी गोळी घेऊन ताप उतरवला आणि पाचव्या दिवशी हा जिममध्ये! ‘बॉडी लूज पडते’ म्हणे. तिथे चक्कर येऊन खाली बसला. तपासण्यांत सुदैवाने काही निघालं नाही, पण पुढचे दोन महिने नुसतं उभं राहिलं तरी त्याची छाती धडधडायची. विषाणूच्या आजारानंतर असं होऊ शकतं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके तीसहून अधिक वाढत असतील आणि हे चालूच राहत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं. ‘टेन्शन घेतोस’ म्हणून झटकून टाकायचं नाही. आम्ही आधी तेच म्हणालो होतो.

मग थांबायचं किती?

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जानेवारी २०२१ मध्ये दिलेला सल्ला मला सगळ्यात सोपा वाटला. किमान सात दिवस कोणतंही लक्षण नसेल तरच व्यायामाकडे वळायचं आणि पहिले दोन आठवडे अगदी हलकंच काही करायचं. आमच्या घरात त्याचं भाषांतर असं झालंय. ताप असेपर्यंत झोपायचं. उतरल्यावर घरातल्या घरात फिरायचं. मग रोज दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यावर, शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर एक पायरी खाली. मायोकार्डायटिस झाला असेल तर हे गणित लागू नाही. त्यात तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद असतो आणि पुन्हा सुरू करताना डॉक्टरांची परवानगी लागते.

ज्यांना मोठा संसर्ग झाला, रुग्णालयात राहावं लागलं, किंवा ज्यांना आधीपासून रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे, त्यांनी बरं झाल्यावर महिना-दोन महिन्यांत एकदा तपासून घ्यावं. रक्तदाब, नाडी, साखर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी. एको सगळ्यांनाच लागतो असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. कोणत्याही लक्षणाशिवाय ‘फुल बॉडी’ तपासणीच्या जाहिरातीला भुलण्याचीही गरज नाही.

नाडी मात्र घरीच बघता येते. बाबा आता रोज सकाळी चहाच्या आधी मनगट धरून बसतात. किती पडते यापेक्षा लयीत पडते का ते आधी बघायचं. एकसारखी, ताल धरल्यासारखी हवी. चुकत-माकत पडत असेल तर ईसीजी काढायचा.

लशीबद्दल एवढंच. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी. झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवर आठ देशांत एक चाचणी झाली. त्यात आपला शेजारी बांगलादेशही होता. निम्म्यांना फ्लूची लस, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले ४.९ टक्के. आई-बाबांना वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्न आमच्याकडे असा सुटला.

आणि एक गोष्ट थांबण्याची नाही. छातीत दाब, घाम फुटणं, दुखणं जबड्याकडे, पाठीकडे किंवा हाताकडे जाणं, पडल्यावर दम लागणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं. यातलं काहीही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा-सोडा देत बसू नका. आमच्याकडे १०८ ला फोन लागतो. गाडी येईपर्यंत माणसाला चालवू नका. बायकांमध्ये नुसती धाप, मळमळ आणि कमालीचा थकवा एवढंच दिसू शकतं. आणि आपल्या आया ते सांगत नाहीत. विचारावं लागतं.

पुन्हा पटनी बाजार

बाबांच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली एक रक्त पातळ ठेवणारी. दर तीन महिन्यांनी तपासणी. पहिले सहा महिने ते फक्त क्षीरसागर मैदानाला फेऱ्या मारायचे, हळूहळू. “पंचक्रोशीचा माणूस मी, आणि इथे पोरं मला मागे टाकून जातात,” असं म्हणायचे. मग एक फेरी, दोन फेऱ्या, चार. जिन्याच्या मधल्या वळणावर अजूनही थांबतात, पण आता उघडपणे. “दम खातोय,” असं स्वतःच सांगतात. माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा ही.

मे २०२४ च्या पंचक्रोशीला डॉक्टरांनी त्यांना एका पडावाची परवानगी दिली. फक्त पिंगळेश्वरापर्यंत, पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी आणि सोबत मी. आम्ही नारळ वाहून निघालो. वाटेत बाबा सात वेळा बसले, मी मोजलं. पिंगळेश्वराला दर्शन घेतलं, जुन्या सोबत्यांची दाल-बाटी गोवऱ्यांवर भाजली जात होती तिथे घटकाभर टेकलो. सोबती पुढे निघाले तेव्हा बाबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हट्ट करणार. पण ते वळले आणि मला म्हणाले, “चल, रिक्षा बघ.”

अमावास्येपर्यंत थांबलो नाही. त्याच दिवशी दुपारी पटनी बाजारात उतरलो आणि त्यांनी मातीचा छोटा घोडा घेतला. मी म्हटलं, “बाबा, यात्रा तर पूर्ण झाली नाही.”

“घेतलं होतं तेवढं परत करतोय,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी परत मागायला तोंड नको का?”

२०२८ ला सिंहस्थ आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण उज्जैनला याल. गर्दी असेल, पायी बरंच चालावं लागेल, ऊनही असेल. सोबत आई-वडील, सासू-सासरे असतील, आणि त्यांतल्या कित्येकांना या चार-पाच वर्षांत मोठा ताप येऊन गेलेला असेल. निघण्याआधी महिनाभर त्यांना रोज चालायला लावा, पण त्याच्याही आधी एकदा मनगट हातात घेऊन पूर्ण एक मिनिट नाडी बघा. आणि जिन्यात ते कुठे थांबतात, तेही.